घोड्याच्या गुडघ्यात स्क्रू निघाला, काढायचा का ठेवायचा?

गोदाकाठचा_मुसाफिर · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, घोड्यांतलं कळणारं कुणी आहे का इथे? मागच्या दिवाळीला लेकीच्या हट्टापायी आम्ही घोडा घेतला. थरोब्रेड, रेसमधून रिटायर झालेला, सात वर्षांचा. रंगाने लालसर तांबडा म्हणून लेकीने नाव ठेवलं गुलकंद. नाशिकला मखमलाबादकडे मित्राच्या मळ्यात द्राक्षबागेच्या कडेला शेड आहे तिथे असतो. लेक सकाळी रपेट मारते, मी चंदी घालतो आणि लीद उचलतो, असं एकंदर चाललंय.

आठ दिवसांपूर्वी पुढचा उजवा पाय चोरायला लागला. वाटलं चिखलात घसरला असेल, जाईल दोन दिवसांत. तर काल सकाळी बघतो, पठ्ठ्या तीन पायांवर उभा, उजव्या पायाचं नुसतं टोक टेकवलेलं. त्या पायाच्या गुडघ्यावर पुढून एक टेंगूळ पहिल्यापासूनच आहे म्हणून डॉक्टरांनी पोर्टेबल मशीन आणून गुडघ्याचाच एक्सरे काढला, आणि लॅपटॉपवर फोटो उघडला तर हाडात चक्क स्क्रू! आट्यांसकट, आपण भिंतीत मारतो तसला. एक्सरे खाली टाकलाय. विकणाऱ्याने ह्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

आता प्रश्न असा की ह्या स्क्रूमुळेच लंगडतोय का, आणि तो काढायचा का. आणि मुळात मी तर आजवर हेच ऐकत आलो की रेसच्या घोड्याचा पाय मोडला की त्याला गोळी घालतात, मग ह्याचा वाचला कसा?

मिसळपंथी · सोमवार, रात्री ९:५२

सेकंडहँड स्प्लेंडर घेतानासुद्धा मेकॅनिकला सोबत नेतो राव आपण. तुम्ही आख्खा घोडा असाच उचलून आणला?

गोदाकाठचा_मुसाफिर · सोमवार, रात्री ९:५५

चूक झाली भाऊ, मान्य. मीठ चोळू नका.

नालबंदाचा_नातू · सोमवार, रात्री १०:१०

दादा, खूर बघितला का? नाल काढून? आमचे आजोबा पंचवटीत टांग्याच्या घोड्यांना नाल मारायचे. त्यांचं ठरलेलं, घोडा लंगडला की आधी खूर बघ, मग परत खूर बघ, आणि काहीच नाही सापडलं तर दुसऱ्या कुणाला तरी खूर बघायला सांग.

गोदाकाठचा_मुसाफिर · सोमवार, रात्री १०:१४

वरवर बघितला. नाल नाही काढला. स्क्रू दिसल्यावर सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं हो.

देवळालीचे_काका · सोमवार, रात्री ११:०५

मी पशुवैद्य, आता निवृत्त. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं पुण्यात रेसच्या घोड्यांवर काम केलंय म्हणून लिहितो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तुम्ही ज्याला गुडघा म्हणताय तो गुडघा नाहीच. घोड्याच्या पुढच्या पायातला तो सांधा म्हणजे आपलं मनगट. वाटी असलेला खरा गुडघा मागच्या पायात, वर पोटाजवळ असतो. पण सगळं रेसकोर्स ह्यालाच ‘नी’, म्हणजे गुडघा, म्हणतं, त्यामुळे आपणही गुडघाच म्हणू. तर ह्या मनगटात सात-आठ छोटी हाडं दोन ओळींत विटांसारखी रचलेली असतात, वर रेडियस नावाचं लांब हाड, खाली नळीचं हाड. म्हणजे सांधे तीन झाले. वरचा भरपूर उघडतो, मधला त्याहून कमी, खालचा जवळपास हलतच नाही.

घोडा उभा असताना, चालताना काही प्रश्न नाही. भरधाव पळताना मात्र एक क्षण असा येतो की सगळा घोडा एकाच पुढच्या पायावर असतो. त्या पायावर वजनाच्या अडीचपट भार येतो, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ११०० किलो धरा, आणि वर गुडघा सरळ रेषेच्याही पलीकडे, मागच्या बाजूला झुकतो. मग हाडांच्या पुढच्या कडा एकमेकींवर आदळतात. त्यातही खालच्या ओळीतलं थर्ड कार्पल नावाचं हाड आहे, आतल्या बाजूचा बराचसा मार ते एकटं खातं.

तिथे दोन तऱ्हेचे घोटाळे होतात. एक म्हणजे कडेचा टवका उडतो, त्याला चिप म्हणतात, तो दुर्बिणीतून काढून टाकायचा, विषय संपला. दुसरं म्हणजे हाड वरच्या सांध्यापासून खालच्या सांध्यापर्यंत उभं चिरतं आणि पुढचा भाग लाकडाच्या ढलप्यासारखा सुटा होतो. तो स्लॅब. तुमच्या गुलकंदला बहुतेक हेच झालं होतं, कारण टवक्याला कुणी स्क्रू मारत बसत नाही.

आणि एक, हे एका वाकड्या पावलाने झालं असं मालक लोक नेहमी सांगतात, तसं फार क्वचित असतं. कमी वयात रोज गॅलप मारून मारून ते हाड टणक होत जातं, टणक झालं की धक्का पचवायची ताकद जाते, आत बारीक चिरा पडत राहतात. त्या भरून यायला सवड मिळाली नाही की एक दिवस ढलपा निघतो. त्या दिवशीचं पाऊल फक्त निमित्त.

मिसळपंथी · सोमवार, रात्री ११:२०

काका, मग मी आजवर घोड्याच्या मनगटाला गुडघा म्हणत होतो? लग्नात वरातीच्या घोड्याचे पाय आता वेगळ्याच नजरेने बघणार.

हाडवैद्य_कॉलेजरोड · मंगळवार, सकाळी ७:१५

मी माणसांचा ऑर्थो, घोड्यांचं शून्य ज्ञान, पण तुम्ही टाकलेला एक्सरे बघून राहवलं नाही. हा आमचाच लॅग स्क्रू आहे की! नुसता स्क्रू मारला असं नसतं ते. सुताराच्या भाषेत सांगतो. दोन फळ्या घट्ट जोडायच्यात. पुढच्या फळीला स्क्रूच्या जाडीइतकं मोकळं भोक पाडायचं आणि मागच्या फळीला बारीक, म्हणजे आटे फक्त मागच्या फळीत धरतात आणि स्क्रूचं डोकं पुढच्या फळीला दाबत आणतं. आवळत गेलं की दोन्ही फळ्या एकमेकींवर कच्च बसतात. ३.५ मिमीचा स्क्रू असेल तर ढलप्यात ३.५ चं भोक आणि मागच्या हाडात २.५ चं, ४.५ चा असेल तर ४.५ आणि ३.२. दोन्हीकडे आटे धरले तर मधली फट आहे तशीच राहणार, कितीही पिळा.

सांध्यातलं फ्रॅक्चर असेल तर ही फट म्हणजेच सगळा खेळ. वरच्या कूर्चेत, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत थरात, केसभर पायरी राहिली तरी पुढे संधिवात ठरलेला, मग पेशंट दोन पायांचा असो नाहीतर चार. म्हणून नुसतं प्लास्टर घालून भागत नाही. तुमच्या एक्सऱ्यात मला तरी स्क्रू सैल दिसत नाही, भोवती काळी कड नाहीये. पण अंतिम शब्द काकांचा.

शेवंती · मंगळवार, सकाळी ८:३०

एवढं सगळं वाचून एकच वाटलं, आधी दोन-तीन वर्षांच्या पिल्लांना पैजेसाठी पळवायचं, हाड चिरेपर्यंत, आणि मग स्क्रू मारून परत पळवायचं. आपल्या पोराला दुसरीत असताना कुणी मॅरेथॉनला उभं करेल का?

टर्फवाला · मंगळवार, सकाळी ९:०२

ताई, मी वीस वर्षं महालक्ष्मी रेसकोर्सला जातोय हिवाळ्यात आणि पावसाळी सीझनला पुण्याला. तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण घोड्याला त्रास व्हावा असं मोतद्दाराला तरी कधीच वाटत नाही, मी मोतद्दारांना घोड्याच्या बॉक्सबाहेर, म्हणजे तबेल्यातल्या खोलीबाहेर, बसून रडताना बघितलंय. ऑपरेशन परत पळवण्यासाठी करतात हे मात्र खरं. बरेच जण परततात, काही खालच्या क्लासमध्ये पळतात, काही पळतच नाहीत. गोदाकाठ भाऊ, घोड्याचा पासपोर्ट मिळाला असेल तर रेसचं नाव काढा, रेकॉर्ड बघता येईल. मध्येच मोठा खंड दिसला तर तोच ऑपरेशनचा काळ समजा.

नालबंदाचा_नातू · मंगळवार, सकाळी ९:४०

रेसच्या घोड्याला निदान स्क्रू तरी मिळतो. आजोबांकडे एक टांगेवाला यायचा, त्याची घोडी रामकुंडाच्या उतारावर बसली, गुडघा असा सुजला की कोहळा. आजोबांनी हळदीचा लेप आणि बांबूच्या कामट्या बांधल्या, दोन महिने उभी होती बिचारी, पाय जुळला पण वाकेचना. शेवटी पांजरपोळात सोडली. टांगेवाला दर अमावस्येला गूळ घेऊन जायचा तिच्यासाठी, आणि नंतर रिक्षा चालवायला लागला.

गोदाकाठचा_मुसाफिर · मंगळवार, दुपारी १:२५

सगळ्यांचे आभार. टर्फवाले, रेकॉर्ड काढलं. चौथ्या वर्षी दहा महिने एकही रेस नाही, मग तीन रेस, तिन्हीत मागून पहिला, आणि मग बंद. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो मलाही माहीत नव्हतं, मी तर असाच घेतला होता. असो.

काका, एक विचारू का? हे ऑपरेशन करतात कसं? एवढं धूड टेबलावर घ्यायचं म्हणजे... लेकीने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

देवळालीचे_काका · मंगळवार, दुपारी ३:५०

विचारलंत म्हणून सांगतो, मी पहिल्यांदा बघितलं तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे.

आदल्या रात्रीपासून घोडा उपाशी. सकाळी तोंड पाण्याने धुतात, कारण घशात नळी घालायची असते, दाताखाली गवत राहिलं तर ते फुफ्फुसात जातं. आधी झायलाझीन हे गुंगीचं इंजेक्शन, घोडा मान खाली टाकून पेंगतो. मग भुलीचं केटामाइन, आणि भिंतीला टेकवून हळूच बसवतात. पुढे चारही पायांना पट्टे लावून क्रेनने उचलायचा. टेबलावर पाठीवर, चारी पाय वर. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसूच येतं, मलाही आलं होतं, आमच्या सरांनी एक नजर टाकली आणि गप झालो.

गुडघ्याचे केस काढलेले, पाय वर टांगलेला. सांध्यात सलाईन भरून तो फुगवतात. बोटाच्या पेराएवढ्या दोन चिरा, एकीतून कॅमेरा, दुसरीतून हत्यार. पडद्यावर आतली कूर्चा दिसते, पांढरीशुभ्र, गुळगुळीत, चिनीमातीच्या बशीसारखी. त्यावर एक तिरकी रेघ. बशीला तडा गेल्यावर दिसते अगदी तशी, आणि त्या रेघेतून रक्ताचा बारीक धूर पाण्यात वर येत होता. सुया टोचून जागा पक्की केली, एक्सरे, परत एक्सरे, मग ड्रिल. डॉक्टरसाहेबांनी वर सांगितलं तसंच, पुढे मोकळं भोक, मागे बारीक. स्क्रू आवळायला लागले तशी ती रेघ आमच्या डोळ्यांदेखत मिटत गेली आणि रक्त थांबलं. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोललं नाही पण सगळ्यांनी श्वास सोडल्याचं ऐकू आलं. ढलपा फारच पातळ असला तर मात्र स्क्रू धरत नाही, मग तो काढूनच टाकतात.

पण खरी धाकधूक पुढे असते. माणूस भूल उतरताना पडून राहतो, नर्स म्हणते झोपा, की झोपतो. घोडा शिकार होणारं जनावर, जाग आली की पहिली अक्कल एकच, उठ आणि पळ. पाय अजून सुन्न, डोळ्यांपुढे अंधारी आणि ४५० किलोचं जनावर उभं राहायला धडपडतंय, नुकत्याच स्क्रू मारलेल्या पायावर. खोलीला चहूबाजूंनी जाड गाद्या, डोक्याला आणि शेपटीला दोर, बाहेरून दोघं दोर धरून. पोटाच्या दुखण्याचे इमर्जन्सी घोडे सोडले तरी भुलेमध्ये आणि त्यानंतरच्या काही दिवसांत शंभरात एक घोडा जातो. माणसांच्या मानाने हा आकडा भयंकर आहे. त्या दिवशी आमचा घोडा दुसऱ्या झटक्यात उठला आणि उभा राहून पहिलं काय केलं तर मुतला. सरांनी तेव्हा कुठे चहा मागवला.

त्यानंतर साधारण दोन-अडीच महिने बॉक्समध्येच, आधी बँडेज, मग हाताने धरून चालवणं, आज पाच मिनिटं उद्या दहा. परत पळायला चार-सहा महिने सहज, कधी वर्ष. स्क्रू काही त्रास देत नसेल तर जन्मभर आतच राहतो. काढायला परत भूल द्यावी लागणार ना!

टर्फवाला · मंगळवार, संध्याकाळी ६:१०

काका, भुलेवरून आठवलं. अमेरिकेत रफियन नावाची घोडी होती, तोवर एकही रेस हरली नव्हती. ६ जुलै १९७५ ला बेलमाँटला फूलिश प्लेझर ह्या घोड्याबरोबर दोघांचीच रेस लावली, त्यात तिचा पुढचा पाय गेला. ऑपरेशन झालं, पण भूल उतरताना ती आडवी पडल्यापडल्या पळायलाच लागली, जणू रेस चालूच आहे, आणि प्लास्टरसकट सगळं मोडून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं.

म्हणून २००६ ला बार्बारो नावाच्या रेसच्या घोड्याचा मागचा पाय मोडला तेव्हा त्याला ऑपरेशननंतर पाण्याच्या टाकीत राफ्टवर जागं केलं, पाय कितीही मारला तरी पाण्यातच. ती भूल छान उतरली. पण पुढे वजन ह्या पायावरून त्या पायावर करता करता बाकीच्या खुरांना लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) झाला आणि जानेवारी २००७ ला त्यालाही निरोप द्यावा लागला. त्याचे सर्जन डीन रिचर्डसन, ह्याच माणसाने १९८६ मध्ये थर्ड कार्पलच्या स्लॅबला दुर्बिणीतून स्क्रू कसा मारायचा ते लिहिलं होतं. म्हणजे तुमच्या गुलकंदच्या स्क्रूचं मूळ तिथपर्यंत जातं.

शेवंती · मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मग गोळी घालतात हे खोटं की खरं?

देवळालीचे_काका · मंगळवार, संध्याकाळी ७:००

कुठलं हाड आणि किती तुकडे ह्यावर आहे. नळीच्या हाडाचा चुरा झाला, हाड कातडीबाहेर आलं, तर आजही इंजेक्शन देऊन झोपवणं हीच दया. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं, हाड, शिरा आणि कातडं बस. जखम भरायला आधारच नाही. शिवाय त्याला महिनाभर खाटेवर झोपवून ठेवता येत नाही, एक पाय टेकवेनासा झाला की सगळा भार पडून दुसऱ्या पायाचा खूर खराब होतो. गुडघ्यातला एक साधा स्लॅब, वेळेवर सापडलेला, हे त्या मानाने नशीबच.

आणि गोदाकाठ, मुद्द्यावर येतो. चार वर्षांचा असताना मारलेला स्क्रू सातव्या वर्षी एका रात्रीत घोड्याला तीन पायांवर आणत नाही. जुना गुडघा दुखेल तर सकाळी आखडेल, दौडीनंतर दुखेल. पाय टेकवतच नाही हे दुखणं वेगळं. नातू बरोबर बोलतोय. उद्या नाल काढा. डॉक्टरांना म्हणावं चिमट्याने तळवा दाबून बघा, नाहीच कळलं तर खालून वर एकेक भाग सुन्न करत जा, ज्या पायरीला लंगडणं थांबेल तिथे दुखणं.

गोदाकाठचा_मुसाफिर · बुधवार, रात्री ८:४५

मंडळी, बसा आणि ऐका.

नालबंदाचा नातू स्वतः आला सकाळी, आडगावहून, पावसात, बाइकवर हत्यारांची पिशवी घेऊन. नाल काढला. डॉक्टरांनी चिमटा लावला, बाहेरच्या बाजूला एका जागी दाबलं तर गुलकंदने पाय असा हिसकला की मी भिंतीला. तिथे तळव्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेत एक काळा ठिपका, मोहरीएवढा. सुरीने कोरत कोरत गेले आणि अचानक काळं पाणी, इतका घाण वास की शेडमधली मांजर बाहेर गेली. पू! खुरात पू झाला होता, हे एवढंच. पाऊण तासात साहेब चारही पायांवर उभे आणि माझ्या खिशात गूळ शोधतायत.

धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, घोड्याला लगेच होतो म्हणे. आता रोज गरम पाण्यात मॅग सल्फ घालून खूर शेकायचा, मग त्यावर लहान मुलाचा डायपर आणि वरून चिकटपट्टी. मेडिकलमध्ये डायपर मागितला तर पोरगा विचारतो बाळ किती किलोचं? म्हटलं साडेचारशे.

गुडघ्याचाही नीट एक्सरे काढला, गुडघा दुमडून वरून घेतात तो स्कायलाइन का काय तो. स्क्रू पक्का, चीर भरलेली, पण पुढच्या कडेला हाड थोडं वाढलंय.

हाडवैद्य_कॉलेजरोड · बुधवार, रात्री ९:१०

वा! तो स्कायलाइन मला पाठवाल का, आमच्या रेसिडेंट पोरांना दाखवतो. आधी सांगणार नाही घोड्याचा आहे म्हणून.

शेवंती · बुधवार, रात्री ९:३०

गुलकंदला माझ्याकडून एक गाजर.

गोदाकाठचा_मुसाफिर · रविवार, सकाळी ११:२०

काका, शेवटचा प्रश्न. डॉक्टरांनी आज गुडघा मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच दुडक्या चालीने पळवला, पहिली आठ-दहा पावलं किंचित आखडला, मग मोकळा. लेकीला पुढच्या हिवाळ्यात जंपिंग शिकायचंय त्याच्यावर. तुमचं मत?

देवळालीचे_काका · रविवार, दुपारी १२:०५

जंपिंग नाही. उडी मारून उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर, आणि तिथेच तो स्क्रू. मळ्यातली रपेट, दुडकी, मऊ मातीवर थोडी दौड, खुशाल करा, घोडा रिकामा ठेवू नका. डांबरी रस्त्यावर दुडकी नको, तसेही कुंभमेळ्याच्या नावाने सगळे रस्ते खोदलेतच. वजन वाढू देऊ नका, हरभरा बेताने. पोरीला वाईट वाटेल, पण तिला तो एक्सरे दाखवा, ती मोठ्यांपेक्षा लवकर समजेल.

गोदाकाठचा_मुसाफिर · रविवार, दुपारी १२:४०

दाखवला. म्हणाली, मग त्याच्यासाठी मीच उड्या मारत जाईन, तो बघेल.

नालबंदाचा_नातू · रविवार, दुपारी १:१५

दादा, डायपर अजून चार दिवस बांधा, जागा कोरडी आणि कडक झाली की फोन करा, नाल मारायला येतो. मागच्या वेळी चहात साखर नव्हती, तेवढं बघा.